हवेत आवळलेले बोल्ट

दणकेमास्तर काही शाळेतले मास्तर नव्हेत. त्यांचा धंदा गाड्यांच्या सस्पेन्शनचा, म्हणजे चाक आणि गाडी यांच्या मध्ये ज्या स्प्रिंगा, दांडे, रबरं आणि दणके जिरवणारे शॉकअब असतात त्या सगळ्यांचा. गिऱ्हाईक आलं की ते आधी पान्याला हात लावत नसत. गिऱ्हाइकाच्या शेजारी बसून एक चक्कर मारायची, डोळे मिटून घ्यायचे आणि खड्डा आला की 'हा डाव्या आर्मचा दणका', 'हा मागच्या शॉकअबचा' असं शिक्षा सुनावल्यासारखं बोलायचं, ही त्यांची रीत. वर गाडी कशी चालवू नये यावर एक व्याख्यान फुकट. दणक्यांमुळे 'दणके' आणि व्याख्यानांमुळे 'मास्तर'. पाटीवर रीतसर दुसरंच नाव होतं, पण ते वाचायच्या फंदात कुणी पडत नसे.

आणि या गृहस्थांची स्वतःची गाडी म्हणजे निव्वळ खुळखुळा. मॉडेल कधीच बंद पडलेलं, रंग उडालेला, आणि पुढची दोन्ही चाकं अशी कुरकुरत चालायची की गल्लीतल्या कुत्र्यांनीसुद्धा तिच्यावर भुंकणं सोडून दिलं होतं. दुसऱ्याच्या गाड्या लोण्यासारख्या मऊ करून देणाऱ्या माणसाला आपल्या गाडीखाली शिरायला उभ्या जन्मात सवड झाली नाही. लोक टोमणे मारत, मास्तर हसून सोडून देत. मास्तरांची बायको मात्र सोडत नसे. गल्लीने तिलाही 'बाई' करून टाकलं होतं, मास्तरांची म्हणून बाई, आणि बाईंची जीभ मास्तरांच्या कुठल्याही पान्यापेक्षा चपळ.

"अहो, या गाडीत बसलं की जेवण वेगळं पचवावं लागत नाही," त्या भर पाहुण्यांत म्हणत. "घरी पोचेपर्यंत सगळं ढवळून निघतं."

"पुढच्या महिन्यात घेतो कामाला," मास्तर म्हणत.

तो पुढचा महिना कित्येक वर्षं येत राहिला. घरात लेक मोठी झाली, नोकरीला लागली, लग्न होऊन शेजारच्याच वस्तीत राहायला गेली. बाईंच्या छातीत एक गाठ निघाली, ती कापून काढली, औषधं झाली, केस गळले, परत आले, आणि ती गोष्ट संपली असं तिघांनी मिळून ठरवून टाकलं. गाडी तशीच खडखडत राहिली.

गोष्ट संपलेली नव्हती. बाईंची पाठ दुखायला लागली, तेव्हा आधी वाकून फरशी पुसली म्हणून दुखते असं ठरलं. मग गादी खराब झाली असं ठरलं, मग हवा. कारणांना काय तोटा! शेवटी लेकीने हट्टाने आईला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई वयाने लेकीएवढ्याच होत्या आणि गोलगोल बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"आजार मणक्याच्या हाडांत उतरलाय," त्यांनी बाईंना बाहेर बसवून मास्तरांना आणि लेकीला सांगितलं. "यातून बऱ्या होतील असं मी म्हणणार नाही. किरणांचे उपचार दिले तर दुखणं उतरेल, पुढचे दिवस सुसह्य जातील. पण त्यासाठी ठरलेले सगळे दिवस रोज यायला हवं. मध्ये खंड पडला तर फार उपयोग होत नाही."

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. मग मास्तरांनी जे विचारलं ते ऐकून लेकीला त्यांचा रागच आला.

"रोज गाडीतून आणायचं तर रस्त्यातल्या दणक्यांनी त्रास वाढेल का?"

"वाढेल ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जितके दणके कमी, तितकं बरं."

झालं. एवढ्या सगळ्या बोलण्यातून मास्तरांनी एवढंच एक वाक्य उचललं आणि खिशात घालून घरी आणलं. बाकीचं त्यांनी ऐकलं नव्हतं असं नाही. ऐकलेलं होतं, पण त्याचं करायचं काय ते कळत नव्हतं. दणक्यांचं काय करायचं ते त्यांना कळत होतं.

हॉस्पिटल गावाच्या दुसऱ्या टोकाला. घरापासून बाजारपेठेचा उखडलेला रस्ता, तो संपला की नदीवरचा लांबलचक जुना पूल. पुलाच्या प्रत्येक सांध्यावर लोखंडी पट्टी, आणि प्रत्येक पट्टीवर गाडी एकदा पुढून आणि एकदा मागून आदळायची. पहिल्या दिवशी बाईंनी दात आवळून सोसलं. दुसऱ्या दिवशी पुलावर त्यांच्या तोंडून आवाज फुटला. त्यानंतर रोजच फुटायला लागला. मास्तर गाडी रांगवत नेत, मागचे लोक हॉर्न वाजवून शिव्या घालत, आणि तरी प्रत्येक पट्टीला बाई कण्हतच.

"कुठे दुखतंय गं? मला नीट सांग," मास्तरांनी एकदा पूल ओलांडून गाडी बाजूला घेत विचारलं. गिऱ्हाइकालाही ते असंच विचारत.

बाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं.

"गाडी फार आदळते हो तुमची," त्या म्हणाल्या.

मास्तरांच्या काळजात चर्र झालं, आणि खरं सांगायचं तर त्याच क्षणी आत कुठेतरी बरंही वाटलं. गाडी आदळते! मग हे तर आपल्या हातातलं आहे.

दोन दिवसांनी बाईंनी अंथरुणातून उठायलाच नकार दिला. "मला नको ते हॉस्पिटल. त्या गाडीत मी बसणार नाही."

"आई, मी टॅक्सी बोलावते, चांगली मोठी," लेक म्हणाली.

"परक्या माणसासमोर मला विव्हळायचं नाही."

"मग अॅम्ब्युलन्स?"

"ती तर मेल्यावरही मिळते," बाई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या.

मास्तर पलंगाच्या कडेला बसले. त्यांनी बाईंच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला आणि दुखेल म्हणून परत मांडीवर घेतला. "मी गाडी करतो," ते म्हणाले. "खालचं सगळं काढून टाकतो, सगळं नवं घालतो. पुलावर पूल आहे हेसुद्धा तुला कळणार नाही. मग तर येशील?"

बाईंनी पांघरूण खांद्यापर्यंत ओढलं. मग भिंतीकडेच बघत म्हणाल्या, "येईन."

लेकीने हॉस्पिटलात फोन केला. तिकडून उत्तर आलं की दोन-तीन दिवस चालवून घेऊ, जास्त झालं तर आतापर्यंतचं सगळं पाण्यात जाईल. मास्तरांनी ते ऐकलं, चपला पायात सरकवल्या आणि गाडी गॅरेजवर नेली. दारात तीन गिऱ्हाइकांच्या गाड्या उभ्या होत्या. त्यांना त्यांनी हात जोडून परत पाठवलं.

गॅरेज म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड. अर्धी मास्तरांकडे, अर्धी एका डेंटरकडे. हा डेंटर दिवसभर हातोडीने पत्रे सरळ करायचा आणि तोंडाने अखंड बडबडायचा. मास्तरांनी स्वतःची गाडी जॅकवर घेतलेली बघून त्याने हातोडी खाली ठेवली.

"अरे वा! आज सूर्य कुठे उगवला?"

मास्तर गाडीखाली शिरले होते. तिथून फक्त पाना वाजला.

पुढचं डावं चाक निघालं. चाकाला गाडीशी धरून ठेवणारा लोखंडी आर्म निघाला. त्याच्या मुळाशी रबराचा बुश असतो, झटके गिळण्याचं काम त्याचं. तो बोटाने ढकलताच शिळ्या पावासारखा चुरा होऊन मास्तरांच्या तोंडावर पडला. आर्मच्या दुसऱ्या टोकाचा बॉल जॉइंट हलत्या दातासारखा डुगडुगत होता. शॉकअबमधलं तेल केव्हाच वाहून गेलेलं, दांडा हाताने आत दाबला तो आतच राहिला. मास्तर एकेक भाग काढून गोणपाटावर मांडत गेले. दुसऱ्या कुणाच्या गाडीतून असं सामान निघालं असतं तर त्यांनी मालकाला तिथेच उभं करून सोलून काढलं असतं. 'माणसं बसवता ना हो यात? मग?' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आज ते वाक्य ऐकायला समोर मालक नव्हता. तो गाडीखाली होता.

"मास्तर, ही चालत होती की फरपटत होती?" डेंटरने गोणपाटाशी बसत विचारलं.

"बाईंना यातून नेत होतो," मास्तर म्हणाले. "मणक्यात आजार असलेल्या बाईमाणसाला मी यातून रोज नेत होतो."

डेंटरची बडबड बंद झाली. त्याने आपलं काम बाजूला सारलं आणि मुकाट्याने दुसऱ्या बाजूचं चाक खोलायला घेतलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, ती ऐकायला चमत्कारिक वाटेल. जितका जास्त खराब भाग निघे, तितका मास्तरांना धीर येत होता. उजवा बुश डाव्याहूनही वाईट निघाला, तेव्हा तर ते तो हातात घेऊन चक्क पुटपुटले, "बघ, बघ! कुणाला दुखणार नाही?" त्यांच्या डोक्यात हिशेब सोपा होता. एवढी झीज, म्हणून एवढं दुखणं. झीज काढली की दुखणं गेलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली ती दुसरी झीज या हिशेबात कुठे बसत नव्हती, म्हणून ती त्यांनी धरलीच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं नवं सामान जागेवर बसलं. बोल्ट नुसते हाताने फिरवून ठेवले होते, घट्ट करायचे राहिले होते, आणि इथेच मास्तरांचा आयुष्यभराचा नियम यायचा. हा नियम त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक मेकॅनिकला शिव्यांसकट ऐकवलेला होता. गाडी जॅकवर असते तेव्हा चाकं खाली लोंबकळत असतात. तशात बुशाचा बोल्ट आवळला, तर रबर त्या लोंबकळत्या अवस्थेतच जखडलं जातं. मग गाडी खाली टेकली की त्याला कायमचा पीळ बसतो, ते झटका गिळायचं सोडून उलटा ढकलतं, आणि नव्या सामानाची गाडी लाकडाच्या फळीसारखी ताठ चालते. म्हणून आधी गाडी चाकांवर उभी करायची, तिचं वजन तिला पेलू द्यायचं आणि मगच शेवटचं आवळायचं. "हवेत आवळतो तो मेकॅनिक नव्हे, शिंपी!" असं मास्तर ओरडत, आणि बिचाऱ्या शिंप्यांनी त्यांचं काय घोडं मारलं होतं ते त्यांनाच ठाऊक.

मास्तर गाडीखाली होते, पाना हातात होता, तेवढ्यात फोन वाजला. लेक रडत होती.

"बाबा, आई मोरीतून येताना खाली बसली. तिला हात लावू देत नाहीये. मला उचलत नाही. तुम्ही या, आत्ता या."

मास्तरांनी फोन छातीवर पडू दिला. समोर बोल्ट दिसत होते. अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून त्यांनी ते आहेत तिथे, आहेत तसे, गच्च आवळले. एक, दुसरा, मग पलीकडचे. चाकं चढवली, जॅक पाडला आणि गाडी काढली. डेंटर मागून काहीतरी ओरडला ते त्यांना ऐकू गेलं नाही.

घरी बाई पॅसेजमध्ये भिंतीला टेकून बसल्या होत्या, पाय पसरलेले, गाऊन ओला. मास्तरांना बघून त्या कसनुसं हसल्या. "तुमचं गॅरेज आज घरीच आलंय, उचला ही बंद पडलेली गाडी," त्या म्हणाल्या. बाप-लेकीने चादरीत घालून त्यांना पलंगावर नेलं. पॅसेजपासून पलंग चार पावलं, पण तेवढ्यात तिघंही घामाने निथळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढची सीट मागे पाडून, उशा लावून बाईंना गाडीत बसवलं. लेक मागे बसली. गाडी निघाली आणि पहिल्याच गतिरोधकावर मास्तरांनी अभिमानाने बाजूला पाहिलं. खडखड नाही, कुरकुर नाही, आवाजाचं नाव नाही. बाईंनी दाराची कडी दोन्ही हातांनी धरली होती.

"आवाज गेला बघ," मास्तर म्हणाले.

"हो," बाई म्हणाल्या.

बाजारपेठेत त्यांच्या लक्षात यायला लागलं की आवाज गेलाय, पण गाडी मऊ झालेली नाही. बारीक खडासुद्धा थेट सीटपर्यंत पोचत होता. नवं सामान आहे, जरा चालल्यावर सैलावेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. आणि मग पूल आला. पहिल्याच पट्टीवर बाई किंचाळल्या. कण्हल्या नाहीत, किंचाळल्या. पुढे जावं तर पट्ट्या, मागे जावं तर गाड्यांची रांग. पुलावर वळता येत नाही. तो अख्खा पूल पार केला, तर बाई 'घरी, घरी' याखेरीज काही बोलेनात; म्हणून पलीकडे गाडी वळवून, परत तोच अख्खा पूल ओलांडून मास्तरांनी बायकोला घरी आणलं. येताना बाईंचा आवाज बसला होता.

त्यांना झोपेची गोळी देऊन लेक स्वयंपाकघरात आली. मास्तर ओट्याला टेकून उभे होते.

"बाबा, गाडीचा नाद सोडा आता," ती खालच्या आवाजात म्हणाली. "डॉक्टर काय म्हणाल्या ते तुम्हाला कळलंय ना?"

"कळलंय."

"मग?"

"गाडी ताठ चालतीये. आपलं काहीतरी चुकलंय," मास्तर म्हणाले. "नवं सामान असं चालत नसतं."

लेकीने कपाळावर हात मारला आणि ती आईच्या खोलीत निघून गेली. मास्तर खाली उतरले. गाडीसमोर उकिडवे बसून बराच वेळ ते तिच्याकडे बघत राहिले. गाडीचं नाक वर होतं. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये जिथे जेमतेम बोटं शिरावीत, तिथे त्यांची मूठ आरपार गेली. मास्तर तसेच मूठ आत घालून बसले. आणि मग त्यांना ते बोल्ट दिसले, फोन दिसला, लेकीचं रडणं ऐकू आलं.

मास्तर हसायला लागले. वरच्या मजल्यावरच्या कुणीतरी खिडकीतून डोकावून पाहिलं, तर हा म्हातारा गाडीचा टायर थोपटत हसतोय. बायको आत तळमळतेय आणि याला हसू कसलं येतंय, असं त्याला वाटलं असेल. पण आपली चूक सापडल्याचा एवढा आनंद जगात फार थोड्या माणसांना झाला असेल. चूक होती! साधी, ओळखीची, अर्ध्या तासात निस्तरता येणारी चूक! म्हणून ती किंचाळली. दुसरं काही नव्हतं.

"अरे, मी हवेत आवळले!" गॅरेजच्या दारातूनच ते ओरडले.

"तुम्ही?" डेंटरचा विश्वास बसेना.

"मीच! मी गाढवाने! चल, फळ्या काढ."

दोघांनी चारही चाकांखाली जाड फळ्या सारल्या, म्हणजे गाडी स्वतःच्या वजनावर उभी राहील आणि मास्तरांना खाली सरपटता येईल. त्यांनी पाना लावून बोल्ट ढिला केला. पिळलेलं रबर सुटलं आणि गाडीचं नाक हळूच खाली आलं. एकेक बोल्ट सोडत त्यांनी तिला पूर्ण बसू दिलं, आणि मग तंबोरा लावल्यासारखे बेताबेताने सगळे आवळले. काम झाल्यावर त्यांनी डेंटरला शेजारी बसवलं, डोळे मिटायला लावले आणि त्या पुलावरून नेलं आणि आणलं.

"सांग," मास्तर म्हणाले.

"काय सांगू? पूल कधी आला?" डेंटर म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता.

मास्तर घरी गेले ते जिने चढल्यासारखे नाही, उडाल्यासारखे. हातही न धुता ते पलंगाशी गेले. "सापडलं! माझीच चूक होती गं, दुसऱ्या कुणाची नाही. आता बघ."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. काळे हात, तोंडावर ग्रीसचा फराटा, आणि लहान मुलासारखे चमकणारे डोळे. त्या पुष्कळ वेळ बघत राहिल्या.

"झाली?" त्यांनी विचारलं.

"झाली."

"बरं. उद्या जाऊ."

दुसऱ्या दिवशी लेक कामावरून परस्पर हॉस्पिटलात येणार होती. शेजाऱ्यांच्या मदतीने बाईंना गाडीत बसवलं आणि नवरा-बायको दोघंच निघाले. हवा छान होती. मास्तरांनी दाढी केली होती. बाजारपेठेतला उखडलेला रस्ता गाडीने असा पार केला की मास्तरांना स्वतःलाच नवल वाटलं. पूल आला तेव्हा मात्र त्यांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. पहिली पट्टी गेली. दुसरी गेली.

"कळली?" त्यांनी विचारलं.

"नाही कळली," बाई म्हणाल्या.

"ही?"

"नाही."

"आणि ही बघ, ही सगळ्यांत मोठी. कळली?"

"नाही हो."

मास्तरांच्या छातीवरचा दगड उतरला. पूल संपला, पुढे हॉस्पिटलकडे जाणारा नवा रुंद रस्ता लागला, आरशासारखा गुळगुळीत, आणि मास्तरांच्या तोंडाचा बांध फुटला. आपण काय चूक केली, रबर कसं पिळवटतं, डेंटर कसा बघतच राहिला, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. उपचार संपले की तुझ्या बहिणीकडे जाऊ, म्हणाले. लांबचा रस्ता आहे, पण आता काय! आता ही गाडी कुठेही जाईल.

"काय म्हणतेस?" त्यांनी बाजूला पाहिलं.

बाईंनी शालीचं टोक तोंडात कोंबून दातांत धरलं होतं. डोळे घट्ट मिटलेले, कानशिलं घामाने ओली, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत उशीत जिरत होतं. हे केव्हापासून चाललं होतं कोण जाणे. कदाचित घर सोडल्यापासून.

मास्तरांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. गाडीत एकदम शांत झालं. आणि त्या उभ्या, बंद, न हलणाऱ्या गाडीत बाईंच्या तोंडून शाल सुटली आणि त्या कण्हल्या. अगदी तशाच, जशा पुलावर कण्हायच्या.

"गाडी तर उभी आहे," मास्तर म्हणाले. आपण किती खुळ्यासारखं बोललो हे त्यांना लगेच कळलं.

"माहीत आहे हो," बाई म्हणाल्या. मग दम खात, थांबत थांबत बोलल्या. "गाडी छान झालीये. खरंच छान झालीये. पण हे गाडीचं नव्हतंच कधी. ते आतलं आहे. उभी असले तरी, पडले असले तरी, आहेच."

"मग तू गाडी आदळते म्हणालीस ते?"

"तुम्ही विचारलंत कुठे दुखतं. तुमचा चेहरा असा झाला होता, मला बघवेना." त्या थोडा वेळ नुसत्या श्वास घेत राहिल्या. "हाडांत दुखतं म्हटलं असतं तर काय केलं असतंत तुम्ही? गाडी म्हटलं, तर निदान उठून कामाला लागलात."

"आणि काल? किंचाळलीस ते?"

"ती मात्र तुमची गाडीच होती," बाई म्हणाल्या, आणि त्यातही त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला.

मास्तरांनी गाडीची किल्ली काढली, परत घातली. त्यांच्या हातांना काही काम हवं होतं आणि काम नव्हतं. हे हात कुठलीही ढिली गोष्ट घट्ट करू शकत होते, कुठलीही अडकलेली सोडवू शकत होते, आणि शेजारी हातभर अंतरावर बसलेल्या या बाईसाठी त्यांना काहीएक करता येत नव्हतं. एवढे दिवस हे त्यांना माहीत होतं. आज ते समोर येऊन बसलं. मास्तरांनी डोकं स्टिअरिंगवर टेकलं आणि ते हुंदके देऊन रडायला लागले. कपाळाखाली हॉर्न दाबला गेला आणि वाजतच राहिला. जाणारे-येणारे वळून बघायला लागले.

"अहो," बाई म्हणाल्या, "हॉर्न."

मास्तर दचकून सरळ झाले. बाईंना हसू फुटलं, आणि त्या हसण्याने कळ इतकी जोरात आली की त्यांनी मास्तरांचं मनगट पकडलं आणि नखं रुतेपर्यंत धरून ठेवलं. कळ ओसरायला वेळ लागला.

"घरी चला," त्या म्हणाल्या.

"हॉस्पिटल समोर दिसतंय बघ. तो पांढरा जिना. दुखणं उतरेल म्हणाल्या त्या."

"दिसतंय मला. पण तिथे पोचायचं, त्या कडक टेबलावर निजायचं, परत यायचं, आणि उद्या पुन्हा. माझ्याने नाही होत आता. त्यांना सांगा, घरी येऊन दुखण्याचं औषध देणारं कुणी असेल तर पाठवा. माझ्या पलंगावर राहू दे मला."

"म्हणजे मग..."

"म्हणजे तेच."

मास्तर पांढऱ्या जिन्याकडे बघत राहिले. तिथे लेक वाट बघत असणार. तिला फोन करून काय सांगायचं याचा त्यांनी विचार करून पाहिला, आणि फोन खिशातच राहिला. आणखी एखादा दिवस, आणखी एखादा बोल्ट, असं काहीतरी सुचावं म्हणून त्यांनी डोकं धुंडाळलं. काही सापडलं नाही. शेवटी त्यांनी गाडी सुरू केली, आरशात मागे पाहिलं, आणि वळवली.

पूल आला. पट्ट्या एकामागून एक चाकांखालून गेल्या, एकीचाही धक्का आत पोचला नाही. बाईंनी आता शाल तोंडात धरली नव्हती. पूल संपेपर्यंत त्या कण्हत होत्या, आणि गाडीत दुसरा कुठलाही आवाज नव्हता.